हा सूर्य, हा जयद्रथ: मधला अंधार कुणाचा?

वादात पुरावा समोर आपटायचा असला की मराठी माणूस म्हणतो, ‘हा सूर्य, हा जयद्रथ!’ त्यामागची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. अभिमन्यू गेला. उद्या सूर्य मावळायच्या आत जयद्रथाला मारीन, नाहीतर अग्नीत प्रवेश करीन, असा पण अर्जुनानं केला. दुसऱ्या दिवशी सांज व्हायला आली तरी जयद्रथ हाती लागेना. मग कृष्णानं सुदर्शनानं सूर्य झाकला, अंधार पडला, चिता रचली गेली. अर्जुनाची फजिती बघायला जयद्रथ बाहेर आला आणि चक्र बाजूला झालं. कीर्तनात या जागी टाळी हमखास पडते.

मला या गोष्टीतला मधला अंधार तपासायचा आहे. तो कुणी पाडला, कुणाच्या सोयीसाठी पाडला आणि गोष्ट सांगणाऱ्यांनी त्याचं पुढे काय केलं, एवढंच हे प्रकरण आहे. युद्धाच्या चौदाव्या दिवसाचं.

युद्ध आणि धुकं ही जोडी कथाकारांनी वापरून वापरून गुळगुळीत केली आहे. प्रशियाचा सेनाधिकारी कार्ल फोन क्लाउझेवित्झ याचा युद्धावरचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १८३२ साली निघाला. त्यात तो म्हणतो की रणांगणावर ज्या गोष्टींच्या भरवशावर पावलं टाकायची, त्यांतल्या तीन चतुर्थांश कमी-अधिक अनिश्चिततेच्या धुक्यात असतात. सेनापतीच्या जागी उभं राहून पाहिलं तर यात खोट काढायला जागा नाही. पण कथाकादंबऱ्यांत हे धुकं उतरलं की त्याला एक सोयीचा अर्थ चिकटतो: दिसतच नव्हतं, मग दोष कुणाला देणार?

महाभारत ही सोय देत नाही. तिथं दृष्टी झाकणारी गोष्ट बहुतेक वेळा कुणीतरी मुद्दाम घडवलेली असते आणि कर्त्याचं नाव सांगितलेलं असतं. पहिलं धुकं तर खुद्द कथाकाराच्या जन्माआधीचं आहे. यमुनेवर नाव वल्हवणारी सत्यवती पराशराला म्हणते, दोन्ही काठांवर ऋषी उभे आहेत, ते बघताहेत. तेव्हा पराशर धुकं निर्माण करतो, सगळा परिसर अंधारल्यासारखा होतो आणि त्यातून पुढे द्वैपायन व्यास जन्माला येतो. काठावरच्यांना काही दिसलं नाही. पण ज्याच्यामुळे दिसलं नाही त्याचं नाव व्यासानं आपल्या ग्रंथात घातलं, आणि तो त्याचा बाप होता. आईलाही ही गोष्ट सुना विधवा होऊन वंश बुडायची वेळ येईपर्यंत गिळून बसावं लागलं. धुकं विरतं, त्याचं देणं कुणाच्या तरी पदरात राहतं.

तेराव्या दिवशी नेमकं काय झालं

चौदावा दिवस समजायला आदला दिवस नीट बघावा लागतो, कारण पहिला घोळ तिथंच आहे. मरू पण हटणार नाही अशी शपथ घेतलेल्या कौरवांकडच्या संशप्तकांनी अर्जुनाला लढाईच्या दुसऱ्या टोकाला ओढून नेलं होतं. सोळा वर्षांचा अभिमन्यू चक्रव्यूहात शिरला. मागून येणाऱ्या भीम, युधिष्ठिर, नकुल, सहदेवांना जयद्रथानं तोंडावरच अडवलं. शंकराचा वर होता त्याला, अर्जुन सोडून बाकीच्या पांडवांना एक दिवस थोपवण्याचा. वनवासात द्रौपदीला पळवून नेताना पकडला गेला, भीमानं डोक्यावर पाच शेंड्या ठेवून हजामत केली, त्या अपमानातून केलेल्या तपाचं हे फळ.

आत काय झालं? द्रोणाच्या सल्ल्यावरून कर्णानं अभिमन्यूचं धनुष्य तोडलं, कृतवर्म्यानं घोडे मारले, कृपानं रथाच्या बाजूंचे सारथी मारले. शेवटी गदायुद्धात दोघं खाली पडले आणि अभिमन्यू उठत असतानाच दुःशासनाच्या मुलानं त्याच्या डोक्यात गदा घातली.

आता अर्जुनाचा पण आठवा. मारणाऱ्यांपैकी एकाचंही नाव त्यात नाही. ज्यानं अभिमन्यूच्या अंगाला हात लावला नाही, फक्त दार अडवलं, त्याच्यावर पण आला. का? कारण अर्जुन तिथं नव्हता. त्याला बातमी युधिष्ठिराकडून कळली आणि युधिष्ठिराला जे दिसलं होतं ते दारापर्यंतचंच होतं. आम्ही मागे होतो, सैंधवानं, म्हणजे जयद्रथानं अडवलं, हे त्याचं सांगणं खरंच आहे. पण पुतण्याला, नव्हे पोटच्या पोराला व्यूहात पाठवण्याचा निर्णयही त्याचाच होता. अपराधाचं सगळं वजन दारावरच्या माणसावर गेलं की पाठवणाऱ्यावर प्रश्न येत नाही आणि आतल्या गुरूवरही येत नाही. युधिष्ठिरानं हे हेतुपुरस्सर केलं असं मी म्हणणार नाही. दुःखात माणूस जे शेवटचं पाहिलं तेच धरून बसतो. पण पुढच्या दिवसाची सगळी कत्तल या अर्धवट पाहिलेल्या हकिकतीवर उभी आहे, हे विसरून चालत नाही.

कृष्णाला ते आवडलेलं नव्हतं. मला न विचारता एवढं ओझं डोक्यावर घेतलंस, असं त्यानं अर्जुनाला सरळ सुनावलं आहे. आणि जयद्रथ? हेरांकडून पण कळला तेव्हा तो म्हणाला, मला घरी जाऊ द्या. दुर्योधनानं आणि द्रोणानं त्याला थांबवून घेतलं. कौरवांच्या बाजूनंही त्या रात्री तो माणूस राहिला नाही. त्याला सूर्यास्तापर्यंत जपलं की अर्जुन आपोआप संपणार, असा तो डाव झाला.

शंख ऐकू येतो, धनुष्य नाही

चौदाव्या दिवशी द्रोणानं पुढे शकटव्यूह, मागे पद्मव्यूह आणि त्याच्या पोटात सुईसारखा व्यूह रचला. जयद्रथ त्या सुईच्या पार मागच्या टोकाला. पुढून मागे लांबी बारा गव्यूती (गव्यूती हे अंतराचं जुनं माप). अर्जुन आत घुसला, गुरूला प्रदक्षिणा घालून पुढे निघाला. शत्रूला जिंकल्याशिवाय तू जात नाहीस ना, असं द्रोणानं हटकलं, तर म्हणाला, तुम्ही गुरू आहात, शत्रू नव्हे. वाटेत घोडे थकले तेव्हा भर रणात थांबून त्यांना पाणी पाजलं.

आणि मग त्या दिवसातला मला सगळ्यात खरा वाटणारा प्रसंग येतो. युधिष्ठिर मागे आहे. आत काय चाललंय ते त्याला दिसत नाही. त्याला पांचजन्य ऐकू येतो, पण गांडीवाचा टणत्कार ऐकू येत नाही. शंख कृष्णाचा, धनुष्य अर्जुनाचं. म्हणजे अर्जुन पडला आणि कृष्ण एकटा लढतोय, असा अर्थ तो लावतो. शेजारी अर्जुनाचा शिष्य सात्यकी आहे. द्रोण युधिष्ठिराला जिवंत पकडायला टपलाय म्हणून अर्जुनानं त्याला तिथं ठेवलेलं. युधिष्ठिर त्याला म्हणतो, माझं राहू दे, तू आत जा. सात्यकी अर्जुनाचा हुकूम सांगून हरकत घेतो, शेवटी जातो. तरी खबर येत नाही, मग भीमालाही पाठवतो.

हे क्लाउझेवित्झचं धुकं. कुणी पाडलेलं नाही. अंतर आहे, कोलाहल आहे, धूळ आहे. युधिष्ठिराचा अंदाज चुकलेला असतो, अर्जुन ठणठणीत असतो. या चुकीचा परिणामही लहान नाही. थकलेला सात्यकी कौरवांकडच्या भूरिश्रव्याच्या तावडीत सापडतो, त्याला वाचवायला अर्जुन न सांगता, दुरून, भूरिश्रव्याचा हात तोडतो, आणि प्रायोपवेशनाला, म्हणजे अन्नपाणी सोडून मरणाची वाट बघत बसलेल्या त्या हात तुटलेल्या म्हाताऱ्याची मान सात्यकी कापतो. दोन्ही बाजूंचे लोक तिथल्या तिथे धिक्कार करतात. पण ग्रंथ या साखळीसाठी युधिष्ठिराच्या चुकलेल्या अंदाजाला बोल लावत नाही. ज्याला खरोखर दिसत नव्हतं त्याला माफी आहे. जे दिवसाउजेडी, समोर बघून, नियम माहीत असताना केलं त्याचा जाब मात्र विचारला जातो. कथेचा न्याय इथं अगदी काटेकोर आहे.

एका संध्याकाळच्या तीन संध्याकाळी

आता मूळ जागी येऊ. कर्ण, कृप, अश्वत्थामा, शल्य, दुर्योधन अशा रथींच्या कड्याआड जयद्रथ आहे आणि सूर्य लाल होऊ लागला आहे.

कीर्तनातली संध्याकाळ वर सांगितलीच. प्रचलित संस्कृत पोथीतली वेगळी आहे. ही पोथी आपल्यापर्यंत ज्या टीकेसह आली ती सतराव्या शतकातल्या नीलकंठ चतुर्धराची. मूळचा गोदाकाठच्या कोपरगावचा, काशीला जाऊन राहिलेला माणूस. या पाठात सुदर्शन नाही, चिताही नाही. कृष्ण योगबळानं अंधार निर्माण करतो, सूर्य मावळला म्हणून कौरव हर्षभरित होतात, जयद्रथ मान उंचावून सूर्याच्या दिशेनं बघतो आणि कृष्ण अर्जुनाला सांगतो, हीच वेळ आहे. अंधार मागे घेतला जातो तो मुंडकं उडाल्यानंतर. तेव्हा कौरवांना कळतं की ही माया होती. म्हणजे ‘हा सूर्य’ म्हणून दाखवायच्या वेळी जयद्रथ बघायला उरलेलाच नव्हता!

तिसरी संध्याकाळ पुण्याची. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानं १९१९ साली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली, वि. स. सुकथनकर १९२५ पासून तिचे प्रमुख संपादक झाले, आणि १९६६ साली काम पुरं झालं. देशभरातली १२५९ हस्तलिखितं ताडून एकोणीस खंड निघाले. द्रोणपर्व सुशीलकुमार डे यांनी संपादलं. जो मजकूर सगळ्या जुन्या परंपरांना समान नाही तो तळटीपांत किंवा परिशिष्टात, हा त्यांचा दंडक. त्या चाळणीत जयद्रथवधाचा अंधार मुख्य संहितेतून बाहेर पडला. तिथं अर्जुन मावळतीच्या खऱ्या उन्हात कडं फोडतो. कृष्ण फक्त दोनदा आठवण करतो की सूर्य चाललाय, आणि एक गोष्ट सांगतो: जो या पोराचं डोकं जमिनीवर पाडील त्याच्या डोक्याची शंभर शकलं होतील, असं याच्या बापानं म्हणून ठेवलंय. मग अर्जुनाचे बाण ते मुंडकं उचलून समंतपंचकाबाहेर, म्हणजे कुरुक्षेत्राबाहेर, संध्या करत बसलेल्या त्या बापाच्या, वृद्धक्षत्राच्या मांडीत टाकतात. म्हाताऱ्याला पत्ता नाही. जप संपवून तो उठतो, मुंडकं मांडीवरून जमिनीवर पडतं, आणि स्वतःच्याच शब्दानं त्याचं डोकं फुटतं.

हस्तलिखितं न उघडताही ज्यावरून संशय यावा असा एक पुरावा ग्रंथातच आहे. शल्यपर्वात मांड्या फुटून पडलेला दुर्योधन कृष्णासमोर त्याच्या लबाड्यांची यादी वाचतो. शिखंडीला पुढे करून भीष्म, हत्तीच्या नावावर द्रोण, घटोत्कचावर वाया घालवलेली कर्णाची शक्ती, प्रायाला बसलेला भूरिश्रवा, चाक रुतलेला कर्ण. मरणारा माणूस आहे, हातचं काही राखत नाही. या यादीत जयद्रथ नाही. जयद्रथ त्याचा सख्खा मेहुणा, बहीण दुःशलेचा नवरा. खोटा सूर्यास्त करून त्याला मारलं असतं तर दुर्योधन ते विसरला असता? मला नाही वाटत.

मग अंधार कुणी घातला? मधल्या शतकांतल्या सांगणाऱ्यांनी. त्यांना तो का लागला असावा याचा मला सुचणारा एकच पटण्याजोगा अर्थ असा: उघड्या उजेडात ही गोष्ट अर्जुनाला फार जड जाते. दार अडवणाऱ्या एका माणसाला मारण्यासाठी एका दिवसात अक्षौहिणींचा फडशा पाडला, आणि पण चुकीच्या माणसावर होता की काय ही शंका तशीच. अंधार आला की सगळं देवाच्या हातात जातं, श्रोता ‘काय युक्ती केली!’ म्हणून खूश होतो आणि पणाबद्दलचा प्रश्न विसरतो. कीर्तनकारांना तेवढ्यावरही चैन पडलं नाही. अंधारात मारणं बरं दिसत नाही, म्हणून त्यांनी सूर्य आधी दाखवला. फसवलं खरं, पण मरताना तरी जयद्रथाला उजेड दिला. सांगणाऱ्याच्या मनाला काय टोचत होतं ते या बदलात उघडं पडतं. भाविकांना तो खोटेपणा वाटू नये. मला तर तो पश्चात्तापाचाच एक प्रकार वाटतो.

अलीकडे याच अंधारातून खग्रास ग्रहण काढून युद्धाची तारीख ठरवणारे बरेच भेटतात. ज्या श्लोकांचं मूळ संहितेतलं स्थान डळमळीत, त्यांवर पंचांग उभं करायचं, हे एक. पण मला त्याहून खटकतं ते हे की पोथीत स्वच्छ लिहिलेला कर्ता त्यात गायब होतो. पोथी म्हणते कृष्णानं केलं. ग्रहणवाले म्हणतात आकाशात झालं. केलेल्याचं झालेलं करणं हा युद्धाच्या हकिकतींतला जुना धंदा आहे. ४ ऑगस्ट १९६४ च्या रात्री टोंकिनच्या आखातात खराब हवेत दोन अमेरिकन विनाशिकांना रडारवर आणि सोनारवर हल्ला होतोय असं वाटलं. तो हल्ला झालाच नव्हता. त्या रात्रीचं धुकं खरं होतं, पण ७ तारखेला अमेरिकन काँग्रेसनं अध्यक्षांना व्हिएतनाममध्ये मोकळा हात देणारा ठराव केला तोवर ते वॉशिंग्टनच्या कामाची वस्तू झालं होतं.

खरा सूर्यास्त झाला तेव्हा

सूर्य मावळला की लढाई थांबवायची, या रिवाजावर अर्जुनाचा पण, जयद्रथाची आशा आणि पोथीतली माया, तिन्ही उभी होती. आणि नेमक्या त्याच दिवशी खरा सूर्य मावळला तेव्हा लढाई थांबलीच नाही. दुर्योधनानं पायदळाला शस्त्रं खाली ठेवून दिवट्या धरायला लावल्या. रथामागे पाच दिवे, हत्तीमागे तीन, घोड्याला एक. पांडवांनी रथाला दहा लावले, हत्तीला सात, घोड्याला दोन. एवढे दिवे लावूनही त्या रात्री इतकी माणसं मेली की शेवटी अर्जुनानंच ओरडून सांगितलं, झोपा जरा. दोन्हीकडच्या सैनिकांनी त्याला दुवा दिला आणि हत्तीच्या पाठीवर, रथाच्या बैठकीत, जमिनीवर, जिथं होते तिथं झोपले. चंद्र वर आल्यावर पुन्हा सुरू.

दुसऱ्या दिवशी ‘नरो वा कुंजरो वा’. हाही अंधारच, आवाजाचा. मोठ्यानं ‘अश्वत्थामा मेला’ आणि ‘हत्ती’ तोंडातल्या तोंडात. पण इथं पाडणाऱ्याला तिथल्या तिथे किंमत मोजावी लागते: जमिनीपासून चार बोटं वर चालणारा युधिष्ठिराचा रथ खाली टेकतो. हा भाग पुण्याच्या चाळणीतही टिकला. आदल्या दिवशी अर्जुनाच्या आवाजाचा चुकीचा अर्थ लावणारा आणि दुसऱ्या दिवशी स्वतःचा आवाज मुद्दाम विरवणारा, माणूस एकच आहे. पहिल्याला ग्रंथानं काही केलं नाही.

हे सगळं संजय धृतराष्ट्राला सांगतोय, आणि द्रोण पडल्याची बातमी त्यानं आधीच दिली आहे. म्हणजे ऐकणाऱ्याला शेवट माहीत आहे. उत्कंठेसाठी अंधार वापरायची इथं गरजच नाही. जयद्रथवधाची हकिकत सुरू होताना धृतराष्ट्र रडू लागतो तेव्हा संजय त्याला म्हणतो, पाणी वाहून गेल्यावर बांध घालण्यासारखा हा तुझा विलाप आहे. आंधळ्या राजाला दिसत नव्हतं ही सबब त्यानं मान्य केलेली नाही.

या प्रकरणाचा शेवटचा कागद बहुतेक सांगणारे काढतच नाहीत. तो आश्वमेधिक पर्वात आहे. युद्धानंतर यज्ञाच्या घोड्यामागून अर्जुन सिंधुदेशात येतो. जयद्रथाचे लोक त्याच्यावर तुटून पडतात. लढाई चालू असताना दुःशला रथातून येते, कडेवर नातू. अर्जुन तिच्या मुलाची चौकशी करतो, तेव्हा ती सांगते की बापाला मारणारा अर्जुन आलाय हे कानावर पडताच सुरथानं प्राण सोडला. नातवाला पुढे करून ती म्हणते, याच्याकडे बघ आणि थांब. अर्जुन धनुष्य खाली ठेवतो, क्षत्रियधर्माची निंदा करतो, आणि म्हणतो: धिक्कार त्या राज्यलोभी दुर्योधनाचा, ज्याच्यापायी सगळे बांधव मी यमाच्या घरी धाडले. दोष दुर्योधनाचा, पण धाडणारा ‘मी’. इथं माया नाही, योगबळ नाही, कृष्णही सोबत नाही. दुःशला आपल्या योद्ध्यांना मागे फिरायला सांगते, अर्जुन तिला मिठी मारून घरी पाठवतो, आणि घोडा पुढे मणिपूरच्या वाटेला लागतो, जिथं अर्जुनाचा स्वतःचा मुलगा त्याच्यापुढे उभा राहणार आहे.